राणी थिओडेलिंडाने लोंबार्डांना कॅथलिक केलं का?

ताम्रपट

मध्ययुगीन युरोपवरच्या पुस्तकांत एक वाक्य ठरलेलं असतं: राणी थिओडेलिंडाने लोंबार्ड लोकांना एरियसच्या पंथातून काढून कॅथलिक धर्मात आणलं. परीक्षेला लिहायला हे बरं आहे, पण मूळ पत्रं आणि बखरी समोर ठेवल्या की ते टिकत नाही. तिचा प्रभाव मोठा होता यात वाद नाही. तो नेमका कुठे पडला आणि कुठे अडला, यासाठी हा धागा.

आधी माणसं ओळखून घेऊ. ५६८ मध्ये लोंबार्ड अल्बोइनच्या मागोमाग पॅनोनियातून, म्हणजे आजच्या पश्चिम हंगेरीकडून, इटलीत उतरले. ५७४ ते ५८४ त्यांना राजाच नव्हता. पाउलुस डायकोनस हा त्यांचा इतिहासकार सांगतो की ३५ ड्यूक आपापलं शहर धरून बसले होते. ५८४ मध्ये अथारी राजा झाला आणि त्याने बव्हेरियाच्या ड्यूक गारिबाल्डची मुलगी मागितली. तीच थिओडेलिंडा. तिची आई वाल्ड्राडा ही जुना लोंबार्ड राजा वाखो याची लेक. म्हणजे माहेर बव्हेरियाचं आणि कॅथलिक, पण आजोळ थेट लोंबार्डांच्या लेथिंग राजघराण्याचं. पुढचं सगळं राजकारण या आजोळावर उभं आहे.

१५ मे ५८९ रोजी वेरोनाजवळ लग्न झालं. ५ सप्टेंबर ५९० रोजी अथारी पावियात मेला. विषप्रयोगाची कुजबुज झाली. पाउलुस म्हणतो की लोंबार्डांना ती इतकी आवडत होती की "तुला हवा तो लोंबार्ड नवरा निवड, तोच आमचा राजा" असं त्यांनी तिला सांगितलं. तिने तूरिनचा ड्यूक अगिलुल्फ निवडला. त्याला भेटायला ती लोमेल्लोपर्यंत गेली, पेला आधी स्वतः ओठाला लावून मग त्याला दिला, त्याने तिच्या हाताचं चुंबन घेतलं तेव्हा ती लाजत म्हणाली की ओठांवर हक्क असणाऱ्याने हातावर थांबू नये, वगैरे. प्रसंग गोड आहे, पण पाउलुस हे दोनशे वर्षांनी लिहितोय. ठोस भाग इतकाच: नोव्हेंबर ५९० मध्ये लग्न, आणि मे ५९१ मध्ये मिलानला लोंबार्डांच्या सभेने अगिलुल्फला राजा म्हणून मान्यता दिली. गादी राणीच्या हातातून गेली, एवढं त्यातून दिसतं.

आता धर्माचं. अथारीने मरायच्या आधीच्या ईस्टरला हुकूम काढला होता की लोंबार्डांच्या मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा द्यायचा नाही. हे आपल्याला पोप पहिला ग्रेगरी याच्या जानेवारी ५९१ च्या पत्रातून कळतं. इटलीच्या बिशपांना तो लिहितो की या पापामुळेच देवाने अथारीला पुढचा ईस्टर पाहू दिला नाही. राजाला बंदी घालावी लागली, म्हणजे लोंबार्ड घरांत कॅथलिक बाप्तिस्मे आधीच होत होते. राणी आली आणि धर्म आला, असा क्रम नाही.

रानजाई

वाचतेय. एक प्राथमिक शंका: एरियसपंथी आणि कॅथलिक यांत व्यवहारात फरक काय? दोघेही ख्रिस्तीच ना?

ताम्रपट

रानजाई, दोघेही ख्रिस्तीच. एरियस हा चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू. त्याचं म्हणणं, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणून पित्याच्या बरोबरीचा नाही. ३२५ च्या निकाया परिषदेने हे फेटाळलं. पण गॉथ वगैरे जर्मनिक टोळ्यांकडे ख्रिस्ती धर्म पोहोचला तो या वळणाचा.

व्यवहारात फरक असा की बिशप वेगळा, चर्च वेगळं, बाप्तिस्मा वेगळा. लोंबार्ड आणि स्थानिक रोमन यांच्यातली रेघ त्यामुळे पक्की राहायची. आणि सगळे लोंबार्ड एरियसपंथी होते असंही नाही. बरेच जुन्या दैवतांना धरून होते, काही कॅथलिक होते, आणि कित्येकांना या वादाशी देणंघेणं नसावं. राजाच्या दृष्टीने एरियसपंथाची सोय ही की त्याचा बिशप रोमला किंवा कॉन्स्टँटिनोपलला बांधलेला नसे.

मोडीवाचक

धागा चांगला आहे, पण खरी गुंतागुंत अजून आलेलीच नाही. थिओडेलिंडाचं पोपशी वाजलं ते एरियसवरून नव्हे. ती कॅथलिक होती, पण "तीन प्रकरणां"च्या बाजूची कॅथलिक. रोमच्या हिशेबात ती फुटीर होती!

प्रकरण असं. कॉन्स्टँटिनोपलहून राज्य करणाऱ्या रोमन सम्राट जस्टिनियनला आपल्या पूर्वेकडच्या प्रांतांतले लोक सांभाळायचे होते. ख्रिस्त देवही आहे आणि माणूसही, अशी त्याची दोन स्वरूपं ठरवणारी ४५१ ची कॅल्सिडनची परिषद त्यांना मान्य नव्हती. त्यांना चुचकारण्यासाठी त्याने ५४० च्या दशकात तीन गोष्टींचा निषेध जाहीर केला: मोप्सुएस्तियाचा थिओडोर आणि त्याचं सगळं लेखन, सायरसच्या थिओडोरेटचं काही लेखन, आणि एडेसाच्या इबासचं एक पत्र. तिघेही कधीच वारलेले. त्यातले थिओडोरेट आणि इबास यांना कॅल्सिडननेच सन्मानाने परत घेतलं होतं. म्हणून पश्चिमेतल्या बिशपांना वाटलं की हा घाव कॅल्सिडनवरच आहे.

पोप विजिलियसला कॉन्स्टँटिनोपलला नेऊन ठेवलं. त्याने ५४८ मध्ये निषेध केला, ५५३ मध्ये एका नव्या निवेदनात बरंचसं मागे घेतलं, आणि शेवटी हाच निषेध पक्का करणाऱ्या ५५३ च्या पाचव्या परिषदेचा निर्णय मान्य केला. इतक्या कोलांट्या पाहून उत्तर इटली बिथरली. मिलान आणि अक्विलेया ही दोन्ही मोठी धर्मपीठं रोमपासून तुटली. मिलान ५७३ च्या सुमारास परत आलं, अक्विलेया नाही.

त्यात भूगोल घाला. लोंबार्ड आले तेव्हा मिलानचा बिशप जेनोवाला पळाला, कारण जेनोवा अजून सम्राटाकडे होतं. अक्विलेयाचा बिशप ग्रादो बेटावर गेला. म्हणजे मिलानचा बिशप बसणार सम्राटाच्या मुलखात आणि त्याची लेकरं राहणार लोंबार्ड राजाच्या मुलखात. आत राहिलेल्या बिशपांनी "पोपने कॅल्सिडन विकलं" म्हटलं की ते दरबारालाही सोयीचं. राणीच्या आजूबाजूचे धर्मगुरू याच मताचे होते. तिच्या श्रद्धेत खोट होती असं मी म्हणत नाही, पण तिला हे मत परवडत होतं हेही खरं.

घाटमाथा

मेलेल्या तीन माणसांच्या लिखाणावरून एवढं रामायण? राणीला यातलं कितपत कळत असेल? ती धर्मगुरू सांगतील तशी सही ठोकत असेल.

मोडीवाचक

घाटमाथा, मग ५९३ ची हकीकत ऐका. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका भाग हाच.

५९३ मध्ये कॉन्स्टान्टियस मिलानचा नवा बिशप झाला, अर्थात जेनोवात. लगेच त्याच्या हाताखालचे तीन बिशप फुटले. त्यांनी राणीला कळवलं की या माणसाने तीन प्रकरणांचा निषेध लेखी दिलाय. राणीने कॉन्स्टान्टियसशी धर्मसंबंध तोडले. याच सुमारास अगिलुल्फ रोमच्या तटाखाली येऊन गेला होता. एका बखरीत ५०० पौंड सोनं देऊन त्याला परत पाठवल्याचा उल्लेख आहे. अशा वेळी राणी हातची जाणं रोमला परवडणारं नव्हतं.

ग्रेगरीने तिला पत्र लिहिलं की तू अडाणी माणसांचं ऐकू नकोस, आपण सगळे कॅल्सिडनच मानतो. पत्र कॉन्स्टान्टियसकडे पाठवलं, त्याने ते तिच्यापर्यंत पोहोचवायचं. कॉन्स्टान्टियसने ते दाबून ठेवलं! कारण काय, तर त्यात पाचव्या परिषदेचं नाव होतं. ते नाव वाचून राणी भडकेल, जुळायचं ते तुटेल, असं त्याने पोपला कळवलं. आणि ग्रेगरीने काय करावं? "पत्र दिलं नाहीस ते बरं केलंस" असं उत्तर दिलं आणि दुसरं पत्र लिहून पाठवलं. त्यात फक्त चार परिषदा: निकाया, कॉन्स्टँटिनोपल, इफिसस, कॅल्सिडन. पाचवीचा उल्लेखच नाही.

रोमचा पोप, आणि तोही ग्रेगरीसारखा करडा, एका राणीच्या नाराजीपायी अख्खी धर्मपरिषद पत्रातून गाळतो. नुसती सही ठोकणाऱ्या बाईसाठी कोणी मसुदा बदलत नाही.

पुढे सूर निवळला. ५९८ मध्ये मठाधिपती प्रोबस याच्या मध्यस्थीने तह झाला, तेव्हा ग्रेगरीने राणी आणि राजा दोघांनाही वेगवेगळी आभाराची पत्रं धाडली. राणीच्या पत्रात तो स्पष्ट लिहितो की तह घडवण्यात तुझा हात होता हे प्रोबसकडून कळलं, आता नवऱ्याला सम्राटाच्या साम्राज्याशी मैत्री राखायला लाव. आपले 'संवाद' हे संतचरित्रांचं पुस्तकही त्याने तिला पाठवल्याचं पाउलुस सांगतो.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. ६०० मध्ये कॉन्स्टान्टियस वारला तेव्हा अगिलुल्फने मिलानसाठी आपला माणूस पुढे केला. ग्रेगरीने साफ कळवलं की कॅथलिक नसलेल्यांनी, त्यातून लोंबार्डांनी निवडलेला माणूस आम्ही मान्य करणार नाही. अगिलुल्फचा माणूस बाजूला राहिला, देउसदेदित बिशप झाला. गोड बोलणं राणीपुरतं, नेमणुकीचा अधिकार सोडायचा नाही, असा हिशेब.

मग ६०३. राजपुत्र अदालोआल्डचा ईस्टरला मोंत्साच्या संत योहानाच्या चर्चमध्ये कॅथलिक बाप्तिस्मा झाला. त्रेंतोचा मठवासी सेकुंदुस धर्मपिता होता. राणीने ही बातमी पोपला कळवली आणि सोबत सेकुंदुसचे तीन प्रकरणांवरचे आक्षेपही जोडले. म्हणजे मुलाचा बाप्तिस्मा कॅथलिक, पण हेका कायम! डिसेंबर ६०३ च्या उत्तरात ग्रेगरी लिहितो की संधिवाताने मी इतका जर्जर झालोय की बोलणंही होत नाही, बरा झालो की सेकुंदुसला सविस्तर उत्तर देईन. तोवर, म्हणून त्याने जस्टिनियनच्या काळातल्या परिषदेचं इतिवृत्त सोबत पाठवलं. दहा वर्षांपूर्वी जिचं नाव गाळलं तीच परिषद. मार्च ६०४ मध्ये ग्रेगरी गेला. ते सविस्तर उत्तर राहिलंच.

रानजाई

मोडीवाचक, जबरदस्त प्रतिसाद. पत्र दाबून ठेवणारा बिशप हे खरं पात्र!

घाटमाथा

बरं, राणीबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. पण ताम्रपट, तुमच्या पहिल्याच वाक्याला हरकत आहे. पाउलुसने चौथ्या पुस्तकात सरळ लिहिलंय की राणीच्या विनंतीवरून अगिलुल्फने कॅथलिक धर्म स्वीकारला, चर्चला जमिनी दिल्या आणि बिशपांचा मान परत केला. मग "टिकत नाही" कसं?

ताम्रपट

त्या उताऱ्यात दोन वेगळी विधानं एकत्र बांधली आहेत. ती सोडवून पाहिली तर एक टिकतं, एक पडतं.

जमिनी आणि बिशपांचा मान हे विधान टिकतं. चर्चच्या मालमत्ता पहिल्या धामधुमीत लोंबार्डांनी बळकावल्या होत्या, त्या परत मिळू लागल्या आणि बिशपांना शहरांत राहता येऊ लागलं. थिओडेलिंडाच्या प्रभावाचा सर्वांत ठोस हिशेब हाच.

अगिलुल्फच्या धर्मांतराचं विधान पडतं. कोलंबानुस हा आयरिश साधू ६१२ च्या सुमारास दरबारात आला. त्याने राजाराणीच्या सांगण्यावरून पोप चौथ्या बोनिफेसला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात राजाबद्दल लिहिलंय की, खरं काय ते नक्की कळलं तर मीही विश्वास ठेवीन असं तो म्हणतो म्हणे. धर्मांतर झालेल्या माणसाबद्दल कोणी असं लिहीत नाही. हे पत्र त्या काळातलं, दरबारात बसून लिहिलेलं. पाउलुस पावणेदोनशे वर्षांनंतरचा.

दुसरा पुरावा पाउलुसचाच. राजा रोथारीच्या काळाबद्दल, म्हणजे ६३६ नंतर, तो सांगतो की राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक शहरात दोन बिशप होते, एक कॅथलिक आणि एक एरियसपंथी. राणी जाऊन दहा वर्षं झाल्यावरची ही स्थिती. अगिलुल्फने आपल्या वारसाला कॅथलिक होऊ दिलं, बायकोला हवं ते बांधू दिलं, स्वतः मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवून राहिला. राजा म्हणून ते शहाणपणाचंच होतं, कारण त्याचे ड्यूक सगळे एका धर्माचे नव्हते.

शेंदरीबोंड

पत्रांवर खूप झालं, थोडं वस्तूंकडे वळते. मोंत्सा (मिलानपासून साधारण १५ किमी, मोटारींच्या शर्यतींमुळे नाव ऐकलेलं असेल) इथल्या कथीड्रलच्या खजिन्यात तिच्या काळातल्या गोष्टी आजही आहेत. मूळ चर्च तिने ५९५ च्या सुमारास वाड्याजवळ बांधलं. आज दिसतं ते चौदाव्या शतकातलं.

सर्वांत खात्रीची वस्तू म्हणजे शुभवर्तमानाच्या पोथीची सोन्याची दोन पुठ्ठे. प्रत्येकावर रत्नजडित क्रूस, क्रूसाने पडलेल्या चार चौकटींत एकेक जुनं रोमन कोरीव रत्न, आणि पट्टीवर लॅटिन लेख: देवाच्या देणग्यांतून, अतिगौरवशाली राणी थिओडेलिंडा हे बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाला अर्पण करते, मोंत्सात आपल्या वाड्याजवळ तिने स्वतः स्थापलेल्या बासिलिकेत (म्हणजे चर्चमध्ये). दाता, देव, जागा, सगळं एका वाक्यात. आपल्याकडच्या दानपत्रांची सवय असलेल्याला हा मजकूर अजिबात परका वाटणार नाही.

आता तेलाच्या कुप्या. इथे बहुतेक लेखांत घोळ होतो, कारण मोंत्सात दोन वेगळ्या प्रकारचं तेल आलं.

पहिला प्रकार रोमचा. योहान नावाच्या माणसाने पोप ग्रेगरीच्या काळात रोममधल्या हुतात्म्यांच्या थडग्यांवर जळणाऱ्या दिव्यांतलं तेल छोट्या काचेच्या कुप्यांत भरून राणीसाठी आणलं. प्रत्येक कुपीला पपायरसची चिठ्ठी, तिच्यावर संतांची नावं. शिवाय सगळ्यांची एक यादी, तीही पपायरसवर. तिच्या शेवटी तो स्वतःला "अपात्र आणि पापी योहान" म्हणवतो. यादी थडग्यांच्या क्रमाने जात असल्यामुळे रोमबाहेरच्या कोणत्या रस्त्यावर कोणाचं थडगं होतं हे शोधायला ती अभ्यासकांना फार उपयोगी पडली.

दुसरा प्रकार पॅलेस्टाइनचा. या कथील-शिशाच्या चपट्या, गोल, तळहातात मावणाऱ्या कुप्या. मोंत्सात १६ आहेत. त्यांवर ग्रीक अक्षरं: "ख्रिस्ताच्या पवित्र स्थळांतील जीवनवृक्षाचं तेल". एका बाजूला बहुधा क्रूसाचं दृश्य, दुसऱ्या बाजूला रिकाम्या थडग्यापाशी आलेल्या स्त्रिया. योहानाच्या यादीशी यांचा संबंध नाही. त्या मोंत्साला राणीमार्फत आल्या असं मानतात, पण तिचं नाव त्यांवर कुठेही नाही.

तेलच का, हाडं का नाहीत? कारण रोमची रीत. ५९४ मध्ये सम्राज्ञी कॉन्स्टांतिनाने संत पौलाचं मस्तक मागितलं होतं. ग्रेगरीने नकार दिला आणि कळवलं की रोममध्ये संतांच्या देहांना हात लावत नाहीत, फार तर पौलाच्या साखळ्यांचा किस काढून पाठवतो. सम्राज्ञीला जे मिळालं नाही ते लोंबार्ड राणीला कसं मिळणार? दिव्यातलं तेल मात्र कितीही देता येतं. थडग्याला धक्का नाही, आणि देणाऱ्याचं काही कमी होत नाही.

६०३ च्या पत्रासोबतच्या भेटींचीही यादी पत्रातच आहे: राजपुत्रासाठी खऱ्या क्रूसाचं लाकूड घातलेला एक क्रूस आणि पर्शियन पेटीत ठेवलेला शुभवर्तमानाचा उतारा, त्याच्या बहिणीसाठी तीन अंगठ्या. खजिन्यातला एक छोटा, गळ्यात घालायचा क्रूस तोच असावा असं परंपरा मानते.

रानजाई

आणि तो प्रसिद्ध लोखंडी मुकुट? तो तिचाच ना? ग्रेगरीने पाठवलेला? भिंतीवरच्या चित्रांतही ती मुकुट घालून दिसते.

शेंदरीबोंड

रानजाई, मुकुटाबाबत सावध. सहा सोन्याच्या पट्ट्या, रत्नं, मिनाकाम, आणि आतून एक पातळ धातूची कडी. ही कडी ख्रिस्ताच्या क्रूसाच्या खिळ्यापासून घडवलेली असं मानत, म्हणून "लोखंडी" मुकुट. १९९३ मध्ये तपासणी झाली तेव्हा कडी चांदीची निघाली. ग्रेगरीच्या पत्रांत मुकुटाचा उल्लेख नाही, आणि भेटींची यादी तो किती बारकाईने देतो ते वर पाहिलंच. असा मुकुट पाठवला असता तर लिहायचं राहिलं नसतं. २६ मे १८०५ रोजी नेपोलियनने मिलानमध्ये हाच स्वतःच्या डोक्यावर ठेवला, म्हणून त्याची एवढी कीर्ती.

खरी हळहळ दुसऱ्या मुकुटाची. अगिलुल्फने संत योहानाला वाहिलेला एक मुकुट होता. त्यावर तो स्वतःला "देवाच्या कृपेने सर्व इटलीचा राजा" म्हणवतो. लोंबार्ड राजाने हे शब्द वापरणं ही मोठी गोष्ट. नेपोलियनच्या काळात तो पॅरिसला नेला, तिथे १८०४ मध्ये चोरीला गेला आणि वितळवला गेला. आता फक्त जुनी वर्णनं आणि रेखाटनं.

भिंतीवरची चित्रं झावात्तारी घराण्याची, १४४० च्या दशकातली, ४५ प्रसंग. अप्रतिम आहेत, पण त्यांतले कपडे, घोडे, मेजवान्या सगळं पंधराव्या शतकातल्या मिलान दरबारचं आहे. त्यांवरून लोंबार्ड पेहराव ठरवू नये. तो हवा तर पाउलुस वाचा. राणीने मोंत्साच्या वाड्यात लोंबार्डांच्या पराक्रमाची चित्रं काढून घेतली होती, ती पाहून त्याने वर्णन केलंय: मानेपासून वर डोकं भादरलेलं, पुढचे केस मधोमध भांग पाडून तोंडापर्यंत सोडलेले, सैल तागाचे कपडे, त्यांना रंगीत विणलेल्या रुंद पट्ट्या, आणि अंगठ्यापर्यंत उघडे, नाड्यांनी बांधलेले जोडे. तो वाडा आणि ती चित्रं दोन्ही नाहीशी झाली.

जाणार असाल तर झावात्तारींचं दालन लहान गटांत दाखवतात, आधी वेळ घ्यावी लागते. लोखंडी मुकुट त्याच दालनातल्या वेदीत असतो, बाकी वस्तू संग्रहालयात. दोन्हींना पुरेसा वेळ ठेवा.

कोकणकडा

कोलंबानुसचा उल्लेख वर आला, त्यात भर. जर्मनीच्या बाजूने आल्प्स ओलांडून आलेल्या या म्हाताऱ्या साधूला अगिलुल्फने त्रेब्बिया नदीकाठी बोब्बियो इथे जागा दिली. तिथे संत पेत्राचं एक मोडकळीला आलेलं चर्च होतं, ते त्याने दुरुस्त केलं आणि मठ उभारला. दानपत्र ६१३ चं म्हणून दाखवतात, पण ते अस्सल आहे का यावर वाद आहे. २३ नोव्हेंबर ६१५ रोजी तो तिथेच वारला. मठाची पोथ्यांची परंपरा मात्र शतकानुशतकं चालली.

त्याचं बोनिफेसला लिहिलेलं पत्र मुळातून वाचण्यासारखं आहे. राजा विनवतो, राणी विनवते, सगळे विनवतात की फाटलेलं शिवा. आणि मग पोपलाच दटावणी: जागे राहा, पुन्हा सांगतो, जागे राहा, कारण विजिलियस बहुधा नीट जागा राहिला नाही. आयर्लंडहून आलेला माणूस तीन प्रकरणांच्या वादात पुरता मुरलेला नव्हता, हे पत्रातच जाणवतं. आजूबाजूला जे ऐकलं ते त्याने लिहिलं. पण म्हणूनच लोंबार्ड दरबारात त्या वेळी काय बोललं जात होतं याचा तो आरसा आहे. ग्रेगरीला जाऊन नऊ वर्षं झाली तरी राणीचं मत जागचं हललेलं नव्हतं.

घाटमाथा

मग तिच्यानंतर काय झालं? मुलगा कॅथलिक, मठ झाला, चर्च झालं. तरी गादी पुन्हा एरियसपंथीयांकडे कशी गेली?

ताम्रपट

६१६ मध्ये अगिलुल्फ गेला. अदालोआल्ड तेव्हा १४ वर्षांचा, कारभार राणीच्या हाती. याच काळात स्पेनचा व्हिसिगॉथ राजा सिसेबुत याने माय-लेकांना पत्र लिहून एरियसपंथ मोडून काढा म्हणून आग्रह केला. म्हणजे स्पेनमधूनही दिसत होतं की काम अर्धंच झालंय. ६२६ च्या सुमारास अदालोआल्डला पदच्युत केलं. पाउलुस सांगतो की तो वेडा झाला होता. हरलेल्या राजांच्या बाबतीत हे कारण फार सोयीचं असतं. सम्राटाच्या पक्षाशी त्याची जवळीक ड्यूकांना खुपत होती, हे जास्त पटतं. त्याच्या जागी आला तूरिनचा ड्यूक अरिओआल्ड, एरियसपंथी, पण राणीचा जावई! तिची मुलगी गुंदेबेर्गा त्याची बायको. लवकरच, ६२७ च्या आसपास, थिओडेलिंडा वारली.

अरिओआल्डनंतर रोथारी, तोही एरियसपंथी, आणि त्यानेही लग्न केलं ते गुंदेबेर्गाशीच. दोन्ही राजांना गादीवर बसायला थिओडेलिंडाची कॅथलिक लेक बायको म्हणून हवी होती. वाखोच्या नातीचं रक्त होतं ना. गुंदेबेर्गाने पावियात संत योहानाचं चर्च बांधलं, आईसारखंच.

माहेरची दुसरी फांदी खरी फळली. थिओडेलिंडाचा भाऊ गुंदोआल्ड तिच्याबरोबर इटलीत आला आणि आस्तीचा ड्यूक झाला. त्याचा मुलगा अरिपेर्त ६५३ मध्ये राजा झाला. एरियसपंथ संपवल्याचं श्रेय जुनी कविता त्याला देते. अरिपेर्तचा मुलगा पेर्क्तारित, त्याचा मुलगा कुनिंकपेर्त. या कुनिंकपेर्तने ६९८ च्या सुमारास पावियात परिषद बोलावली आणि तिथे अक्विलेयाच्या बाजूने तीन प्रकरणांचा हट्ट सोडला. म्हणजे राणीने आयुष्यभर धरलेली फूट तिच्या भावाच्या पणतूने मिटवली.

मोडीवाचक

+१. एक भर: ६०७ मध्ये अक्विलेयाच्या पीठाचे दोन तुकडे पडले, त्यात अगिलुल्फ आणि फ्रिउलीचा ड्यूक गिसुल्फ यांचा हात होता. ग्रादोत रोमला मानणारा कांदिदियानुस, जुन्या अक्विलेयात फुटीर योहान. पंथाची सीमा आणि राज्याची सीमा एकच झाली. फूट पुढची ९० वर्षं टिकली ती यामुळे, नुसत्या धर्मशास्त्राने नव्हे.

कोकणकडा

अवांतर, पण पाउलुसमधली एक गोष्ट इथे हवी. ६६३ मध्ये सम्राट दुसरा कॉन्स्टन्स दक्षिण इटलीत लोंबार्डांवर चालून आला. त्याने एका एकांतवासी साधूला विचारलं, मी जिंकेन का? साधू म्हणाला, आत्ता नाही, कारण दुसऱ्या प्रांतातून आलेल्या एका राणीने संत योहानाची बासिलिका बांधली आहे आणि तो संत लोंबार्डांसाठी सतत रदबदली करतो. त्या जागेची हेळसांड होईल तेव्हा हे लोक बुडतील. पाउलुस पुढे म्हणतो की हे आम्ही पाहिलं: लोंबार्डांच्या पाडावाआधी तिथल्या जागा योग्यता न बघता, देणग्या घेऊन नालायक आणि व्यभिचारी लोकांना दिल्या जात होत्या. ७७४ मध्ये शार्लमेनने पाविया घेतलं त्यानंतरचा हा लेखक, तेव्हा भविष्यवाणी घडून गेल्यावर लिहिलेली आहे. पण लोंबार्डांच्या आठवणीत ती राणी कुठे बसली होती ते यातून दिसतं.

रानजाई

पुढे वाचायचं तर सुरुवात कुठून? ग्रेगरीची पत्रं शोधायला गेले तर एकाच पत्राला दोन-दोन क्रमांक दिसताहेत.

मोडीवाचक

पाउलुसच्या इतिहासाचं तिसरं पुस्तक शेवटून धरा (अथारीचं लग्न तिथे आहे) आणि चौथं पूर्ण वाचा. पाचव्यातला साधूचा प्रसंग वर आलाच.

पत्रांचं असं आहे: ग्रेगरीच्या संग्रहाची १४ पुस्तकं आहेत, दर पुस्तक एका कर-वर्षाचं, आणि ते वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. म्हणून चौथं पुस्तक म्हणजे सप्टेंबर ५९३ ते ऑगस्ट ५९४. राणीला पाठवलेली आधीची दोन्ही पत्रं आणि कॉन्स्टान्टियसला "बरं केलंस" म्हणणारं पत्र, तिन्ही या चौथ्या पुस्तकात आहेत. तहाची पत्रं नवव्यात, अदालोआल्डच्या बाप्तिस्म्याचं चौदाव्यात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या फ्रेंच बेनेडिक्टाइनांची आवृत्ती आणि नंतरची जर्मन आवृत्ती यांत पुस्तकाच्या आतला क्रम बदललाय. जुनी इंग्रजी भाषांतरं पहिलीवर आधारलेली आहेत, नवे लेख दुसरीचे क्रमांक देतात. त्यामुळे क्रमांकावर विसंबू नका. कोणाला लिहिलंय आणि कोणत्या महिन्यात, यावरून शोधा, लगेच सापडेल.